बंदीतला दर्या आणि पुठ्ठ्याची जहाजं

बोटी वर ओढल्या गेल्या. आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर आता ताडपत्र्या पांघरलेल्या पाठी तेवढ्या दिसतात, मधल्या मोकळ्या रेतीत पोरांचं क्रिकेट चालतं आणि वाळवणाच्या बांबूंवर औषधालाही बोंबील सापडत नाही. मासेमारीची बंदी लागली. बाकीचं जग या दिवसांना पावसाळा म्हणतं, आमच्याकडे म्हणतात बंदी. लग्न बंदीच्या आधी, घराची डागडुजी बंदीत, आणि जे काही जमत नसेल ते बंदीनंतर. मी स्वतः वाडीवाला, म्हणजे नारळ, केळी आणि पानवेली लावणाऱ्या घरातला. माझा दर्याशी संबंध ताटातल्या माशापुरता. तरी माझंसुद्धा वर्ष याच शब्दापाशी येऊन थांबतं. काल संध्याकाळी माझा कोळीवाड्यातला मित्र भालू वाडीच्या कुंपणापाशी उभा राहून ओरडला, "काय रं वाडीवाल्या, यंदा काय मागवलंस?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, अरेच्चा, लागली की बंदी!

आणि नेमक्या याच आठवड्यात बोईसरला, आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, पांडेनं आपला मोबाइल माझ्या डाळीच्या वाटीवर धरला. पांडे मेंटेनन्सचा, माझ्याच वयाचा, सरळ माणूस. पडद्यावर एका युद्धखेळाचं चित्र होतं. जाडजूड खोका, टेबलभर पसरलेला नकाशा आणि त्यावर मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या सोंगट्या. "सर, आपके पास तो है ऐसा गेम," तो म्हणाला. "सच बताइए, लेने लायक है क्या? लोग बोलते हैं, नियम पढ़ते-पढ़ते ही छुट्टी ख़तम हो जाती है." मी म्हटलं, "पांडेजी, पहले खाना खाने दो." मिक्सर घ्यावा की नाही असं विचारल्यासारखं त्यानं विचारलं होतं. त्याला काय सांगणार, कप्पाळ? या प्रश्नाच्या उत्तरासाठी मला एक अख्खी बंदी लागते.

युद्धखेळ म्हणजे मोबाइलवरची ठांय ठांय नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. हा पटावरचा खेळ. एका खऱ्या लढाईचा नकाशा असतो, मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनी घरांत वाटलेला. पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या सोंगट्या असतात, त्यातली एखादी पलटण, एखादी तोफ, एखादं जहाज, एखादी नुसती तांदळाची रसद. आणि असतं नियमांचं पुस्तक. बुद्धिबळाचे नियम पोस्टकार्डावर मावतील. याचे नियम वाचताना माणसाला वाटतं आपण सरकारी नोकरीत लागलो. चिखल असेल तर तोफ किती घरं चालेल, सैन्य उपाशी असेल तर किती टिकेल, सरदाराचं दुसऱ्या सरदाराशी पटत नसेल तर काय, सगळ्याला कलम आणि कलमाला पोटकलम. एक डाव संपायला आठवडेच्या आठवडे जातात. खोका उघडाच ठेवायला जागा लागते, म्हणजे घरातल्या एका टेबलावर पाणी सोडायचं. आणि किंमत अशी की बायकोला सांगताना आवाज आपोआप खाली जातो.

तेव्हा सरळ हिशेबानं असा खेळ कुणीच घेऊ नये. हे मी, घेतलेला माणूस, सांगतोय. इंटरनेटवर त्याच्या गुणदोषांवर पानंच्या पानं लिहिणारे लोक आहेत. पुठ्ठा जाड आहे का, नकाशाचा रंग फिका आहे का, इतिहास बरोबर आहे का, सगळं सांगतात. एवढंच सांगत नाहीत की बाबा रे, समोर कोण बसणार? खेळ तर विकत मिळतो. एवढी कलमं ऐकून घेणारा माणूस कुठून आणायचा?

मला मात्र तो खेळ हवा होता. हवा म्हणजे हवाच. कारण त्याच्या नकाशावर माझं गाव होतं. पेशव्यांच्या फौजांनी पोर्तुगिजांकडून वसईपर्यंतचा हा किनारा घेतला, त्या मोहिमेचा तो खेळ. सातासमुद्रापलीकडच्या कुणा माणसानं बसून आमचा उत्तर कोकण काढला होता, आणि त्या सहा कोनी घरांत चक्क छापलं होतं: माहीम, शिरगाव, तारापूर. अंगावर काटा आला माझ्या. आम्ही शिरगावच्या किल्ल्यात शाळेच्या सहलीला जाऊन पुरीभाजी खाल्लेली माणसं. किल्ला म्हणजे बकऱ्या चरायची, नाहीतर कॉलेजच्या जोडप्यांनी आडोशाला बसायची जागा. तिथं कुणी लढलं असेल, आतल्या माणसांनी रसदीच्या वाटेकडे डोळे लावले असतील, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं, अंगाला लागलं नव्हतं. मी चित्र सुजाताला, म्हणजे बायकोला दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "माहीम बघायला पुठ्ठा कशाला हवा? ओटीवर जाऊन उभे राहा." विषय संपला.

तो पुन्हा उघडला हेमावहिनीनं.

हेमावहिनी म्हणजे भालूची बायको. पालघरच्या मार्केटात मासे विकते, बंदीत सुके, आणि गिऱ्हाइकाला नजरेनंच गप्प करते. भालू माझ्या गावच्या शाळेतला सोबती, स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. हाताचा सच्चा, तोंडाचा फटकळ, आणि दारूपुढे लाचार. लाचार हा शब्द मला लिहायला आवडत नाही, पण होता तो. माझ्या कारखान्यातही पिणारे कमी नाहीत, इस्त्रीच्या शर्टातले आहेत म्हणून कुणी नावं ठेवत नाही, एवढंच. भालूचं पिणं मात्र अंगावर आलं. दोन वर्षांमागच्या बंदीत तो दवाखान्यात पडला, डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. डॉक्टरनी वहिनीच्या देखत सांगितलं की यापुढे घेतली तर माझ्याकडे आणू नका. त्यानं सोडली. मासेमारीचं सगळं वर्ष त्यानं थेंबाला हात लावला नाही.

गेल्या साली मे संपत आला होता. वहिनी आमच्या वाडीत सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन आली, सुजाताच्या हातात दिली आणि माझ्यासमोर पायरीवर बसली. "भावोजी, दर्यावर असतात तवर मना भिती नाय," ती म्हणाली. "बोटीवर बाटली चडवायची नाय, हा सासऱ्यांचा नियम, तो ह्यांनी कदी मोडला नाय. पन बंदी लागली का दिवस संपता संपत नाय. जाली शिवून झाली, इंजिन खोलून झालं, मंग चार वाजता मानसानं करायचं काय? आमी बाजारात. घरात कोन नाय. तुमी काय तरी काडा. पत्ते नको, क्यारम नको. पटकन संपनारं नको."

पटकन संपणारं नको! मी सुजाताकडे पाहिलं. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. बाईनं डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "मागवा." माझी हौस आणि मित्राची गरज एका खोक्यात मावत होती. अशी संधी देव रोज देत नाही, आणि मी ती सोडणाऱ्यातला नाही.

लोक म्हणतात हे खेळ उगाच किचकट असतात. उगाच? मी त्यांना विचारतो, सोपा खेळ घेऊन काय करू? सोपा खेळ तासात संपतो आणि तुम्हाला परत त्याच चार वाजता, त्याच उंबऱ्यावर आणून सोडतो. मला असा खेळ हवा होता जो उठल्यावरही डोक्यातून उठणार नाही. सकाळी दात घासताना माणूस म्हणेल, अरे, तारापूरला तांदूळ नाही पोचला. मला किचकटपणाच विकत घ्यायचा होता.

खोका बोईसरला आला. खताच्या रिकाम्या गोणीत घालून, मोटरसायकलच्या टाकीवर आडवा धरून मी तो उमरोळीमार्गे गावात आणला. वाटेत असा झोडपला पावसानं की माझ्या बुटांत पाणी झालं, खोका मात्र कोरडा. भालूच्या जाळ्यांच्या खोलीत बर्फाच्या क्रेटांवर एक फळी टाकली आणि पट पसरला. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. नायलॉनचा, डिझेलचा, कोपऱ्यातल्या सुक्या सोड्यांचा, आणि वारा पूर्वेचा असला की आमच्या कारखान्यांचा तो आंबूस वास. बाहेर पन्हळीचं पाणी पिंपात पडायचं. पत्र्यावर असा आवाज व्हायचा की नियम ओरडून वाचावे लागत. पलीकडच्या घरातली म्हातारी एकदा विचारायला आली, भांडताय कशाला रं.

सोंगट्या चौकटीतून सुट्या कराव्या लागतात, न फाडता. जाळ्याचा डोळा न बघता विणणारी भालूची बोटं. त्यानं त्या पटापट काढल्या आणि विचारलं, "बोटी कोनाकडं हायत?" मी म्हटलं, पोर्तुगिजांकडं. "मंग मी फिरंगी." अहो, पूर्वजांची लाज म्हणून काही? वहिनीनं चहा ठेवता ठेवता तोंडाला पदर लावला. अशा रीतीनं मराठ्यांची सगळी फौज एका वाडीवाल्याकडे आली आणि फिरंग्यांचं आरमार माहीमच्या तांडेलाकडे.

पहिला आठवडा म्हणजे नुसता वैताग. मी पहिल्या पाळीची ड्यूटी संपवून, कपडे बदलून हजर व्हायचो, आणि भालू नियम ऐकता ऐकता जांभया द्यायचा. "हा खेल हाय का कोर्टाची केस?" त्याची नजर वरचेवर दाराकडे जायची. चार वाजत आले की तो मांडी हलवायला लागायचा, कपाळाला घाम यायचा, उगाच उठून जाळं या खुंटीवरून त्या खुंटीवर टाकायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचो आणि पुढचं कलम वाचायचो. हो, दडपून वाचायचो! तो म्हणायचा पुरे, मी म्हणायचो बस खाली. माझ्या आयुष्यात मी बारावीच्या परीक्षेलासुद्धा इतका चिकटून बसलो नव्हतो. हा माणूस माझ्यासमोरून उठता कामा नये, एवढं मी ठरवलं होतं. मग त्यासाठी तोफेचा चिखलातला वेग त्याला सात वेळा सांगावा लागला तरी बेहत्तर.

मग एक दिवस उलटंच झालं. मी कारखान्यातून आलो तर हा आधीच पटाशी बसलेला, आणि मला बघताच म्हणाला, "काल तू चोरी केलीस. नदी उतरताना तुजं सैन्य थांबाया पायजे व्हतं. वाच तुजं पुस्तक." मी वाचलं. खरंच थांबायला हवं होतं. माझा डाव मागे गेला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. लागला मासा गळाला! त्यानंतर त्याचं सगळं घर त्या मोहिमेत ओढलं गेलं. वहिनी सांगायची, जेवताना मध्येच विचारतात, चाळीस मानसांना एक गोन तांदूल किती दिस जाईल गं. पालघरच्या बाजारातून ती शेवळं घेऊन यायची. आदिवासी बायका डोंगरातून आणतात ती, बंदीतच मिळणारी, बोंडाऱ्याचा पाला घातला नाही तर घशाला खाजणारी भाजी. ती सुक्या जवळ्यात शिजवून आमच्यापुढे ठेवायची. पटावर एका बाजूला वसई, दुसऱ्या बाजूला ताटली. भालू भाकरीचा तुकडा तोंडात, सोंगटी बोटांत, असा विचार करत बसायचा. चार कधी वाजून जात ते कळायचंही नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. आम्ही जे भांडलो त्याला तोड नाही.

खेळातही पावसाळा लागला होता. माझ्या फौजेनं तारापूरचा किल्ला जमिनीकडून आवळला होता, आत भालूचे शिपाई, रसद संपत आलेली. त्याची तांदूळ भरलेली जहाजं खाली वसईला उभी. नियम असा की पावसाळी पाळीतही जहाज काढता येतं, फक्त फासा टाकायचा. एक पडला तर जहाज बुडालं, बाकी काहीही पडलं तर पोचलं. म्हणजे जवळजवळ पोचलंच. मी त्याला स्वतः हे समजावलं, फासा हातात दिला आणि माझ्या तोंडचा घास जाणार म्हणून मन घट्ट करून बसलो.

भालूनं फासा खाली ठेवला. "बोट नाय काडायची."

"का?"

"नारल पडला नाय."

मला आधी कळेनाच. कोळी माणूस नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडतो आणि मग बोट काढतो, हे मला काय नवीन नाही. सरकारची बंदी तारखेनं उठते, तिच्यानंतर नारळ पडेपर्यंत थांबणारे आता थोडेच उरलेत, आणि त्या थोड्यांत भालू. ते ठीक. पण हा पुठ्ठा होता, पुठ्ठा! मी म्हटलं, "अरे येड्या, ही पोर्तुगिजांची जहाजं. फिरंगी कुठं नारळ टाकतात?"

"बोट फिरंग्याची आसल. हात माजा हाय."

मी चिडलो. नियम वाचून दाखवला, पुस्तक आपटलं, त्याला म्हटलं की अशानं तुझा किल्ला जाईल, सगळा उत्तरेकडचा किनारा जाईल, माझ्यासारख्याला फुकटचा जय मिळेल, आणि असला फुकटचा जय मला नकोय. तो म्हणाला, "मंग हार." मी म्हटलं, "तुझ्यासारखा हटवादी माणूस मी पाहिला नाही." तो म्हणाला, "आरसा नाय काय तुज्या घरात?" तारापूर पडलं. मी त्याच्या शिपायांच्या सोंगट्या उचलून खोक्यात टाकल्या आणि घरी आलो. सुजातानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, किल्ला जिंकला. ती म्हणाली, तोंडावरून तर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक पंप बसला आणि मला दुसऱ्या पाळीला थांबवून घेतलं. थांबणं भाग होतं. पांडे खाली पान्हा घेऊन भिजत होता आणि मी वर घड्याळाकडे बघत होतो. तीन वाजले. साडेतीन. भांडून आलेलो, आणि आज मी नाही. त्या खोलीत भालू एकटा, समोर पडलेला किल्ला आणि अख्खी मोकळी दुपार. मला त्याची काळजी लागली. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. शिव्या दिल्या मी त्या पंपाला, त्या तारापूरला, आणि त्या नारळालाही.

पंप चालू होताच सुटलो तो तसाच कारखान्याच्या कपड्यांत भालूच्या दारात. उजेड अजून पुरता गेला नव्हता. वहिनी ओट्यावर उभी. माझा चेहरा बघून ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं मला तिथंच थांबवून, आवाज दाबून सांगितलं. ती बाजारातून लवकर आली होती. जाळ्यांच्या खोलीत भालूचा चुलतभाऊ बसलेला, पिशवीत बाटली. तो भालूला म्हणत होता, आजच्या दिवस घे, एका घोटानं काय होतंय, कोन बगतंय. वहिनी दाराआड उभी, हातात कोयता, नेमका कुणावर चालवणार होती देव जाणे. तर भालू पटाकडे बोट दाखवून म्हणाला, "ता किल्ला बगतोस? काल गेला माजा. एक बोट काडली आसती तर वाचला आसता. कागदाची बोट रे. ती पन नाय काडली मी. आन् तू मना घोट घे सांगतोस? ऊठ."

चुलतभाऊ उठला. वहिनी म्हणाली, "भावोजी, ह्यांनी सोडली सांगतात तवा मना खरं वाटत नव्हतं. आज पयल्यांदा वाटलं. तुमी काय किल्ला घेतला तो घेतला, पन परत भांडू नका."

मी आत गेलो. भालू म्हणाला, "लेट आलास. तुजी पाली हाय." मी खेळलो.

पांडेसारखी माणसं विचारतात की एवढा वेळ घालवून शेवटी मिळतं काय. इतिहास कळतो का? थोडा कळतो. तारापूरचा किल्ला आता मला बकऱ्यांची जागा वाटत नाही, जवळून जाताना मी आपसूक वेग कमी करतो. बुद्धी तल्लख होते का? माझी तर नाही झाली, सुजाताला विचारा. पण एका माणसासमोर महिनोन् महिने बसलं, त्याच्या प्रत्येक निर्णयाची वाट पाहिली, की तो माणूस दिसायला लागतो. चाळीस वर्षं मी भालूला ओळखत होतो आणि त्याच्या आत इतकं टणक काहीतरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. दारूपुढे लाचार म्हणून मी त्याच्यावर शिक्का मारून मोकळा झालो होतो. चहाच्या टपरीवरच्या गप्पांत ते कधी दिसलं नसतं. त्यासाठी भिजलेल्या दुपारी, कुणाला न समजणाऱ्या कलमांचं पुस्तक आणि एक अडलेलं जहाज लागलं. म्हणून काल पांडेला सांगून टाकलं, घ्या. डोळे मिटून घ्या. पण आधी माणूस शोधा, मग खोका.

गेल्या साली बंदीचे दिवस सरत आले तशी एक नवीनच भीती मला लागली. आजवर भालू थांबला तो नारळासाठी थांबला. मग नारळ पडल्यावर? पुनवेला बोटी सुटतात, सगळं मोकळं होतं, आणि त्या दिवशी आनंदाच्या नावाखाली जागोजागी बाटल्या फुटतात. वहिनीही पुनवेचे दिवस मोजत होती. सरकारी बंदी उठली, उतावळ्या बोटी निघाल्या, भालू निघाला नाही. पटावर माझी फौज वसईच्या तटाशी येऊन भिडली होती, आणि पावसाची शेवटची पाळी तेवढी उरली होती.

नारळी पुनव आली. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, बँडबाजा, हिरव्या लुगड्यातल्या बायका, डोक्यात अबोलीचे गजरे, नव्या रंगाच्या वासानं घमघमणाऱ्या बोटी. भालूनं कमरेइतक्या पाण्यात जाऊन नारळ सोडला. दर्याला हात जोडले. मागे वळला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात टाकायला तो चुलतभाऊ आणि आणखी दोघे तिघे पुढे झाले. गर्दीत भालू मला दिसेनासा झाला. मी इकडे शोधला, तिकडे शोधला. वहिनीचा चेहरा पांढरा पडलेला. शेवटी मी धावत जाळ्यांच्या खोलीवर गेलो.

भालू तिथं पटासमोर उभा होता. कपड्यांतून पाणी गळत होतं. एकटाच होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तोंडाला येईल ते बोलून गेलो, "चल, बस! पडला तुझा नारळ. आता काढ तुझी जहाजं!"

बोललो आणि जीभ चावली.

भालूनं माझ्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचं जुनं जाळं ओढलं आणि अख्ख्या पटावर, माझ्या फौजेवर, त्याच्या जहाजांवर पसरून टाकलं. "हितला दर्या बंदच ठेवायचा," तो म्हणाला. "ही पाली खेलायची नाय."

"अरे पण मी जिंकतोय!" खरं सांगतो, तशाही वेळी माझ्या तोंडून हेच आलं.

"मंग जिंकलास. जा, गावात सांग." तो हसला. मग त्यानं जाळ्याखाली हात घालून फासा शोधून काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ आपल्या ओल्या हातानं बंद केली. "तुज्या पुस्तकात काय हाय? एक पडला तर बुडली, नायतर कायच होत नाय. डागदर पन मना तेच बोलला व्हता, वाडीवाल्या. एकदा घेतलीस तर कदाचित कायच होनार नाय. कदाचित संपशील. त्या दिवशी तू फासा हातात दिलास तवा मना तोच आटवला. मी टाकनार नाय. आज नाय, उद्या नाय. तू घेऊन जा ह्यो घरी."

बाहेरून वहिनीची हाक आली, बोट पाण्यात लोटायला माणसं कमी पडतायत, कुठं गेले दोघं. मी फासा खिशात टाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भालूच्या मागोमाग पाण्यात शिरलो.